डोंगराच्या पलीकडचा मधुचंद्र

लग्नाची तारीख पंचांगातून निघते. मग कार्यालय मिळतं का ते पाहिलं जातं, मग जेवणाचं, दागिन्यांचं, रजेचं. मधुचंद्राचं तिकीट या सगळ्याच्या शेवटी निघतं आणि पावसाचा विचार त्याच्याही शेवटी येतो. तोही एका प्रश्नापुरता: ‘तिकडे तेव्हा पाऊस असतो का?’ समोरून ‘थोडाफार असतो’ असं उत्तर येतं, आणि दोघांच्या आयुष्यातला तोवरचा सर्वांत महागडा प्रवास त्या ‘थोडाफार’च्या भरवशावर ठरतो.

नात्यातली, ओळखीतली मुलंमुली लग्न ठरलं की माझ्याकडे बसून नकाशा उघडतात. त्यांच्यासाठी वाचता-शोधताना, हवामानाचे तक्ते पाहताना एक गोष्ट पक्की झाली, ती इथे मांडते आहे. उष्ण कटिबंधातला पाऊस देशागणिक ठरत नाही. तो किनाऱ्यागणिक ठरतो. वारा कोणत्या दिशेनं येतो आणि त्याच्या वाटेत डोंगर आहे का, एवढं कळलं की ‘मालदीवला जावं की बालीला’ या वादातलं निम्मं धुकं निवळतं.

आधी आपल्या मुहूर्तांकडे पाहू, कारण सगळी अडचण तिथून सुरू होते. तुळशीची लग्नं लागली की आपला एक हंगाम उघडतो आणि, पौष टाळणाऱ्यांनी टाळला तरी, फाल्गुनापर्यंत चालतो. दुसरा हंगाम वैशाख-ज्येष्ठाचा. मुलांना सुट्ट्या, गावाकडची मंडळी मोकळी, म्हणून हा हंगाम मोठा. पण त्याचं शेपूट थेट पावसात बुडतं. मोसमी वारे अंदमानच्या समुद्रात मेच्या तिसऱ्या आठवड्यात येतात, केरळात 1 जूनला, मुंबईत 11 जूनला. या झाल्या सरासरी तारखा. 2025 मध्ये पाऊस केरळात 24 मे रोजी आणि मुंबईत 26 मे रोजी पोचला. ‘जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गोवा कोरडाच असतो’ या हिशेबानं ज्यांनी त्या वर्षी तिकिटं काढली असतील, त्यांना तो हिशेब खोटा ठरलेला दिसला असणार.

2026 चं गणित आणखी अवघड आहे. त्या वर्षी ज्येष्ठ महिना अधिक आहे, 17 मे ते 15 जून. अधिक महिन्यात लग्नं होत नाहीत. म्हणजे मेच्या मध्यापर्यंत उरकलं तर ठीक, नाहीतर निज ज्येष्ठ उजाडेपर्यंत थांबायचं आणि 25 जुलैच्या आषाढी एकादशीच्या आत जो मुहूर्त मिळेल तो धरायचा. भर पावसातला महिना तो. शिवाय नव्या जोडप्याचं पहिलं वर्ष सणांनी बांधलेलं असतं. श्रावणात मंगळागौर, भाद्रपदात सासरचा पहिला गणपती आणि गौरी, पुढे दिवाळसण. कोकणात तर नव्या सुनेचा गौरीपुढचा पहिला ओवसा चुकवून चालत नाही. तेव्हा ‘पाऊस संपल्यावर जाऊ’ म्हणणं सोपं असलं, तरी सगळ्या घरांत ते जमतंच असं नाही. आषाढातच निघायचं असेल, तर आषाढात कोरडं कुठे असतं हे माहीत हवं.

त्यासाठी सह्याद्रीइतका चांगला शिक्षक नाही. नैर्ऋत्येकडून आलेला ओला वारा घाटावर चढतो, गार होतो आणि महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी ओतून देतो. तोच वारा पाचगणी ओलांडून वाईकडे उतरतो तेव्हा त्याची ओल सरलेली असते. आणखी पूर्वेला, माण तालुक्यात, जेमतेम 500 मिलिमीटर पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. एकच जिल्हा, एकच महिना, एकच वारा. शाळेत ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ म्हणून आपण हे पाठ केलेलं असतं, पण पर्यटनाचा नकाशा उघडला की विसरतो. हिंदी महासागरातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या बेटाला असं महाबळेश्वर आहे आणि असा माणही आहे. आषाढात निघालेल्या जोडप्यानं माण शोधायचा.

याचा सर्वांत जवळचा आणि सर्वांत दुर्लक्षित दाखला म्हणजे श्रीलंका. आपल्याकडून जाणारे बहुतेक जण कोलंबोला उतरतात आणि बेंटोटा, गॉल, मिरिस्सा अशा नैर्ऋत्य किनाऱ्यावर मुक्काम करतात. डिसेंबर ते मार्च या महिन्यांत ते अगदी बरोबर आहे. मे ते सप्टेंबर हा मात्र त्या किनाऱ्याचा पावसाळा. आपल्यावर येणारा वाराच तिथे आधी थडकतो. पण बेटाच्या मधोमध अडीच हजार मीटरपर्यंत चढणारे डोंगर आहेत आणि त्यांच्या पलीकडे, ईशान्य आणि पूर्व किनाऱ्यावर, त्याच महिन्यांत ऊन असतं. त्रिंकोमालीजवळचा निलावेली, उथळ पाण्याचा पासिकुडा, लाटांवर स्वार होणाऱ्यांचा अरुगम बे, या सगळ्यांचा हंगाम हाच. डोंगर उतरून येणारा हा वारा इतका कोरडा आणि तापलेला असतो की तिकडच्या लोकांनी त्याला वेगळं नाव दिलं आहे, ‘कच्चान’. पूर्वेचा पाऊस येतो तो ऑक्टोबर ते जानेवारी, ईशान्य वाऱ्यांबरोबर.

तिथल्या शेतीलाही हे दोन पाऊस ठाऊक आहेत. नैर्ऋत्य मोसमी पावसावरचा हंगाम ‘यल’, ईशान्येचा ‘महा’. चहाच्या मळ्यांत तर त्याची चव लागते. डोंगराच्या पश्चिम उतारावरच्या दिंबुला भागातला उत्तम चहा जानेवारी ते मार्चमध्ये निघतो, पूर्वेच्या उवा भागातला जुलै ते सप्टेंबरमध्ये. दोन्हीकडे कोरडा वारा सुटला की पानांत तो खास स्वाद उतरतो. म्हणून जुलैत नुवारा एलियाला पावसानं कोंडून घातलं, तरी डोंगर ओलांडून उवातल्या एल्लाकडे उतरलं की स्वच्छ आकाश भेटण्याची शक्यता बरीच वाढते.

निज ज्येष्ठात किंवा आषाढात लग्न झालेल्या जोडप्याला मी पहिलं नाव त्रिंकोमालीचं सांगते. कोलंबोहून रस्त्यानं जवळपास सहा तास लागतात, हा त्याचा तोटा. पण वाटेत सिगिरिया लागतं, तेही कोरड्या पट्ट्यात. ऑगस्टकडे झुकलं तर मिन्नेरियाच्या तलावाचं पाणी आटत जातं आणि उघड्या पडलेल्या काठावरच्या कोवळ्या गवतासाठी हत्तींचे कळप गोळा होतात. एकाच जागी शेकड्यांनी हत्ती दिसतात. निलावेलीसमोर पिजन आयलंडची प्रवाळं आहेत, त्रिंकोमालीच्या खोल समुद्रात या दिवसांत देवमासेही येतात आणि कड्यावर कोणेश्वराचं देऊळ आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘देवदर्शनही होईल’ असं मनापासून सांगता येतं.

आता थोडं दक्षिणेला. विषुववृत्त ओलांडलं की ऋतू उलटतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यात आपल्या पावसाचं मूळ दडलेलं आहे, हे फारसं सांगितलं जात नाही. जून-जुलैमध्ये मॉरिशसच्या दक्षिणेला समुद्रावर हवेचा मोठा उच्चदाब तयार होतो. हवामानशास्त्रात त्याला मस्कारिन उच्चदाब म्हणतात, मॉरिशस आणि रियुनियन ज्या बेटसमूहात येतात त्याच्या नावावरून. तिथून निघालेला गार वारा आग्नेयेकडून वायव्येकडे वाहतो, विषुववृत्त ओलांडतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वळतो आणि हजारो किलोमीटर कोमट समुद्रावरून बाष्प गोळा करत नैर्ऋत्येकडून सह्याद्रीवर येतो. म्हणजे आपल्या दारात कोसळणारा पाऊस निघतो मॉरिशसच्या हिवाळ्यातून. हा नकाशा पहिल्यांदा नीट पाहिला तेव्हा मी बराच वेळ त्याच्यावरून नजर काढू शकले नव्हते. मुंबईत लोकल रुळांवर थांबलेल्या असतात, त्या दिवशी मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावर पंचवीसेक अंशांचं मऊ ऊन असतं.

तिथेही बाजू पाहूनच हॉटेल घ्यावं. बेट लहान आहे, उत्तर-दक्षिण सुमारे 65 किलोमीटर आणि रुंदी 45. तरीही मधल्या पठारावर वर्षाला 4000 मिलिमीटरपर्यंत पाऊस होतो आणि पश्चिम किनाऱ्यावर 900 च्या आसपास. पठारावरच्या क्युरपिपला छत्री उघडावी लागते तेव्हा तासाभराच्या अंतरावर, पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक आँ फ्लाकला लोक वाळूत पहुडलेले असतात. हिवाळ्यात आग्नेयेचा वारा पूर्व किनाऱ्याला झोडपत असतो, म्हणून मे ते सप्टेंबरमध्ये पश्चिम किंवा उत्तर किनारा बरा. समुद्र थोडा गार लागतो, जूनमध्ये पावणेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, संध्याकाळी अंगावर काहीतरी पांघरावं लागतं. ‘हनिमूनला शाल कशाला’ असं मुलं म्हणतात, पण ती न्यावी.

मॉरिशसशी आपलं नातं हवामानाच्याही पलीकडचं आहे. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारानं नेलेल्या मजुरांत रत्नागिरी, सातारा या भागांतली माणसं होती. पोर्ट लुईच्या बंदरावरचा आप्रवासी घाट, जिथे ही माणसं उतरली, तो आज युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्यांचे वंशज आजही मराठी म्हणवतात, शाळांत मराठी विषय घेता येतो, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत ती शिकवली जाते. गणेश चतुर्थीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते. मराठी जोडप्यांनी लगूनमधल्या बोटीइतकाच वेळ कास्काव्हेलसारख्या मराठी वस्तीच्या गावाला आणि आप्रवासी घाटाला द्यावा, असं मला फार वाटतं. भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढायची गरज नाही आणि मुंबईहून थेट विमान साधारण सहा तासांत पोचतं. एवढं जवळचं नातं असून आपण ते फोटोंत अडकवून परत येतो.

बालीबद्दल थोडक्यात. ते विषुववृत्ताच्या दक्षिणेला साडेआठ अंशांवर. एप्रिल ते ऑक्टोबर कोरडं, नोव्हेंबर ते मार्च ओलं. आपल्या पावसाळ्यातून सुटका हवी असेल तर सरळ आणि चांगला पर्याय, मात्र जुलै-ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलिया आणि युरोपच्या सुट्ट्यांमुळे गर्दी व दर दोन्ही चढलेले असतात. लग्न डिसेंबर-जानेवारीत आणि मधुचंद्र बालीला, ही जोडी आपल्याकडे भलतीच लोकप्रिय आहे, आणि तीच नेमकी चुकीची आहे. त्या महिन्यांत पश्चिमेच्या वाऱ्यांबरोबर कुटा, सेमिन्याकच्या वाळूवर प्लॅस्टिकचा कचरा वाहून येतो. जाहिरातीतलं निळं पाणी जुलैतलं असतं.

मालदीवचा प्रश्न वेगळा. तिथे डोंगरच नाही, त्यामुळे आडोशाची बाजूही नाही. सपाट प्रवाळबेटं, वारा सगळीकडून मोकळा. मे ते नोव्हेंबर नैर्ऋत्येचा ‘हुळंगू’, डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत ईशान्येचा ‘इरुवै’. मालदीवच्या कोळ्यांचं जुनं पंचांग मला फार जवळचं वाटतं. वर्षाचे 27 भाग, प्रत्येक तेरा-चौदा दिवसांचा, आणि ते आपल्याच नक्षत्रांवर उभे. आपल्याकडे रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू. त्यांच्याकडे रोअनु, मियाहेली, अधा, फुनोस. काही दिवसांच्या फरकानं तीच नक्षत्रं, तोच क्रम. आपला शेतकरी मृगाकडे पेरणीसाठी पाहतो, त्यांचा कोळी मियाहेलीत समुद्र खवळणार म्हणून होडी जपतो.

तर मग जून-जुलैमध्ये मालदीवला जाऊ नये का? इथे आकडे मदतीला येतात. सांताक्रूझला एकट्या जुलैत 800 मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. मालेला वर्षातल्या सर्वांत ओल्या महिन्यातही सरासरी 250 च्या आत. आपण ‘पावसाळा’ म्हटलं की डोळ्यांसमोर मुंबईचा जुलै आणतो, म्हणून नाहक घाबरतो. मालदीवच्या पावसाळ्यात तासा-दोन तासांची सर येते, ढग जातात, ऊन पडतं. मधूनच दोन-तीन दिवस सलग भरून राहतं. मे ते ऑक्टोबर रिसॉर्टचे दर बरेच उतरतात. आणि याच वाऱ्यांमुळे बा अटॉलमधल्या हनिफारू खाडीत प्लवक साचतं, ते खायला जून ते नोव्हेंबरमध्ये मांटा रे मासे झुंडीनं येतात. तिथे टाकी लावून बुडी मारायला बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग करता येतं. कोरड्या हंगामात जास्त पैसे देऊन गेलेल्यांना हे दिसत नाही. चार दिवसांपैकी एखादा दिवस खोलीत गेला तरी चालेल अशी ज्यांची तयारी आहे, त्यांनी पावसाळ्यात मालदीवला खुशाल जावं. एवढं लक्षात ठेवावं की समुद्री विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. मुंबईचं विमान संध्याकाळी उतरत असेल तर पहिली रात्र माले किंवा हुळुमालेला काढावी लागते, आणि वादळी हवेत स्पीडबोटीचा प्रवास मणक्याची परीक्षा पाहतो.

थायलंडमध्ये पुन्हा डोंगर आणि पुन्हा दोन बाजू. फुकेत, क्राबी हा अंदमान समुद्राचा किनारा मे ते ऑक्टोबर ओला असतो. सिमिलान बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवतात, माया बे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. त्याच वेळी पूर्वेच्या आखातातलं को समुई बरंच कोरडं असतं. त्याचा पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर, नोव्हेंबर सर्वांत वाईट. व्हिएतनामात मधला दा नांग-होई आनचा किनारा फेब्रुवारी ते ऑगस्ट कोरडा राहतो, कारण पश्चिमेला डोंगररांग आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मात्र होई आनच्या जुन्या पेठेत पुराचं पाणी शिरतं. दक्षिणेचं फु क्वोक बेट मे ते ऑक्टोबर भिजत असतं. नकाशावर डोंगर शोधायची सवय लागली की हे पाठ करावं लागत नाही.

आता मला सर्वांत कळकळीनं जे सांगायचं आहे ते. पावसाला भिऊ नका, समुद्राला भ्या. पावसात भिजल्यानं सुट्टी बिघडत नाही. पावसाळी समुद्रात उतरल्यानं माणसं जातात, आणि त्यांत नव्या जोडप्यांचीही नावं असतात. आपले कोळी नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय दर्यात होडी घालत नाहीत, हा अनुभवातून आलेला शहाणपणा आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ती मुख्यतः माशांच्या विणीसाठी आहे, पण त्या दिवसांतला समुद्र कसा असतो हे कुठल्याही बंदरावर ओढून ठेवलेल्या होड्या पाहिल्या की कळतं.

पावसाळ्यात किनाऱ्यावर ‘रिप करंट’ तयार होतात. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात परत आत जातं. वरून पाहिलं तर नेमकी तीच जागा शांत दिसते, लाटा फुटत नाहीत, म्हणून लोक तिथेच उतरतात. त्या ओढीत सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेनं झगडायचं नाही, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडायचं आणि मग परतायचं. पोहता येत नसेल तर घोट्यापुढे पाणी जाऊ द्यायचं नाही. गोव्यात दृष्टी संस्थेचे जीवरक्षक लाल बावटे लावतात, शिट्ट्या मारतात. त्यांच्याशी वाद घालणारे पर्यटक दिसले की जीव तुटतो. फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर याच महिन्यांत अशीच माणसं बुडतात. कोरड्या हंगामातल्या बालीतही जुलै-ऑगस्टमध्ये आग्नेयेचे वारे शेजारच्या नुसा पेनिडा बेटाकडची सामुद्रधुनी खवळवतात. आकाश निळं आहे म्हणून पाणी शांत असेल, असं मानू नये.

हे सगळं मान्य करून, पावसातच राहायचं ठरवलं तर? तोही निवांत, सुंदर मधुचंद्र होऊ शकतो, फक्त तो किनाऱ्यावरून उचलून आत न्यायला हवा. जून ते सप्टेंबरच्या गोव्यात शॅक उतरवलेले असतात, बोटी बंद असतात. पण फोंड्याकडची देवळं, तळी, हिरव्याकंच खाजन जमिनी, दिवाडीची फेरी, हा गोवा डिसेंबरच्या गर्दीत दिसतच नाही. 24 जूनला सांव जांवच्या दिवशी डोक्यावर पानाफुलांची कोपेलं घालून तरुण विहिरींत उड्या मारतात, आणि त्या वर्षी लग्न झालेल्या जावयाला त्यात मान असतो. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला चिखलकाला होतो. जून-जुलैत ताजी मासळी फारशी मिळणार नाही हे आधीच धरून चाला. सुकी मासळी आणि भाज्यांचं गोंयचं जेवण त्या दिवसांत समजून घेण्यासारखं असतं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू असल्यानं गाड्या सावकाश धावतात. तेवढा वेळ अधिक खिडकीशी मिळतो.

केरळात मल्याळी कर्किडकम महिन्यात, म्हणजे मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट, आयुर्वेदाचे उपचार घेण्याची जुनी रीत आहे. दमट, गार हवा त्या उपचारांना मानवते असं तिथले वैद्य मानतात. पण डोंगराळ केरळाबाबत मी हात आखडता घेते. 30 जुलै 2024 च्या पहाटे वायनाडमधल्या मुंडक्कै आणि चूरलमला इथे दरडी कोसळल्या, गावंच्या गावं वाहून गेली. त्यानंतर आषाढ-श्रावणात उताराखालच्या, ओढ्याकाठच्या रिसॉर्टची शिफारस मला करवत नाही. मुन्नार पाहायचं तर सप्टेंबरअखेर. तिथली नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते. मागचा बहर 2018 चा, पुढचा 2030 चा.

पावसाळी मुक्कामासाठी खोली निवडताना फोटोतल्या तरणतलावाकडे पाहू नये. खोलीला छप्पर असलेला सज्जा किंवा पडवी आहे का, हे पाहावं. वीज गेल्यावर जनरेटर चालतो का, जेवणाच्या जागेपर्यंत झाकलेला रस्ता आहे का, मुख्य रस्ता बंद पडला तर दुसरा आहे का, हे फोन करून विचारावं. असे प्रश्न विचारायला अनेक मुलांना संकोच वाटतो. लाखभर रुपये देणाऱ्यानं संकोचू नये.

पैशांच्या बाबतीत एकच आग्रह: पावसाळ्याच्या कडेवरच्या तारखांसाठी परत न मिळणारा स्वस्त दर घेऊ नये. थोडे जास्त देऊन रद्द करता येणारं आरक्षण घ्यावं. प्रवास विमा तिकिटाबरोबरच काढावा, कारण वादळाची सूचना जाहीर झाल्यानंतर काढलेली पॉलिसी त्या वादळापुरती सहसा निरुपयोगी ठरते; आणि ‘पाऊस पडला म्हणून मजा आली नाही’ याला कुठलाही विमा भरपाई देत नाही. हवामानाचे तक्ते वाचताना महिन्याचे मिलिमीटर आणि पावसाचे दिवस दोन्ही पाहावेत. आपल्या हवामान खात्याच्या लेखी अडीच मिलिमीटर पडला तरी तो ‘पावसाचा दिवस’. पहाटे अर्धा तास सर येऊन गेली तरी तक्त्यात तो दिवस ओलाच लागतो. भारतात कुठे जायचं असेल तर हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतं. त्यातून तारीख-वार कळत नाही, पण पाऊस जोरात राहील की उघडीप मिळेल, याचा कल कळतो.

राहिली मार्गशीर्ष ते फाल्गुनातली लग्नं. त्यांच्यासाठी नकाशा उलटा करायचा. बाली नको. मॉरिशसला जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा काळ. जानेवारी 2024 मध्ये बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या होत्या. को समुई जानेवारीच्या मध्यानंतर. त्याउलट श्रीलंकेचा नैर्ऋत्य किनारा, फुकेत-क्राबी, मालदीव, गोवा, केरळ सगळे या दिवसांत उत्तम, आणि महागही. लक्षद्वीपला परवाना आधी काढावा लागतो, त्यामुळे लग्नाची पत्रिका छापायला टाकतानाच अर्जाला लागावं. तुळशीच्या लग्नानंतर लगेच, नोव्हेंबरच्या अखेरीस, लग्न असेल तर बंगालच्या उपसागरातल्या आणि कन्याकुमारीजवळच्या वादळांची आठवण ठेवावी. ओखी वादळ 2017 मध्ये नोव्हेंबरच्या शेवटी आलं आणि केरळच्या कोळ्यांना फार मोठी किंमत मोजावी लागली.

अंदमानची घाई मराठी जोडप्यांना असते, सेल्युलर जेलमुळे ते साहजिक आहे. पण तिथे नैर्ऋत्येचा पाऊस संपतो न संपतो तोच ईशान्येचा सुरू होतो, आणि तो डिसेंबरपर्यंत रेंगाळू शकतो. जानेवारी ते एप्रिल हे महिने धरावेत. पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्री विजयपुरम, हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप. बोटीच्या तिकिटांवर जुनी-नवी दोन्ही नावं भेटतात. बेटांमधला प्रवास बोटीनंच होतो आणि समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, कोरड्या महिन्यांतही एखादा दिवस. म्हणून हॅवलॉक आणि नील आधी उरकून घ्यावं, सेल्युलर जेल शेवटच्या दिवसासाठी ठेवावं, आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच करावा.